हिरवळीतले तणगवत: ओळख, वेळ आणि बंदोबस्त

हिरवळीत रुंद पानांचे तण उगवले तर ते लांबूनही दिसते. गवतात गवत उगवले की मात्र ते ओळखणेही अवघड जाते आणि काढणेही. रुंद पानांच्या तणांसाठी सर्रास वापरले जाणारे टू-फोर-डी हे तणनाशक गवतवर्गीय तणाला धक्काही लावत नाही, कारण गवताला सोडून बाकीचे मारणे हेच त्याचे काम आहे. उलट जे औषध तणगवत मारते ते हिरवळीचे गवतही मारू शकते, कारण दोन्ही एकाच कुळातली असतात. म्हणून या कामात फवारणीचा पंप सर्वांत शेवटी हातात घ्यावा. समोरचे गवत नेमके कोणते, ते एका हंगामात जगून मरणारे आहे की वर्षानुवर्षे टिकणारे, आणि ते बियांवर पसरते की जमिनीखालच्या खोडांवर व गाठींवर, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात. ती मिळाली की उपाय कोणता आणि तो कधी करायचा हे जवळजवळ आपोआप ठरते.

आधी आपले गवत, मग परके

आपल्या हिरवळीतले मूळ गवत कोणते याची खात्री नसेल तर तण ओळखण्याला काही अर्थ उरत नाही. लॉनच्या गवतांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. केंटकी ब्ल्यूग्रास, फेस्क्यू आणि रायग्रास ही थंड हवेची गवते वसंतात आणि शरदात जोमाने वाढतात. हरळीच्या लॉनजाती, झॉयशिया आणि सेंट ऑगस्टीन ही उष्ण हवेची गवते उन्हात फोफावतात आणि कडक थंडीत तपकिरी पडून सुप्तावस्थेत जातात. एका गटाला मानवणारे तणनाशक दुसऱ्या गटाला जाळू शकते. बी पेरण्याचा आणि खत देण्याचा काळही दोन्ही गटांचा वेगळा असतो. हिरवळ घालताना आणलेल्या बियाण्याची पिशवी जपून ठेवली असेल तर हा प्रश्न क्षणात सुटतो.

संशयित पट्ट्यात आठ-दहा दिवस कापणी थांबवावी. परके गवत बहुधा मूळ गवतापेक्षा वेगाने वर येते, त्याचा रंग वेगळा दिसतो आणि पात्याची रुंदीही लक्षात येते. मग खुरप्याने एक रोप मुळासकट, भोवतीच्या मातीसह उचलावे, बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे आणि पांढऱ्या कागदावर पसरून ठेवावे. अर्धवट तुटलेल्या पात्यावरून ओळख पटवण्याचा प्रयत्न करू नये. निम्मी माहिती जमिनीखाली असते.

तपासणी खालून वर करत जावी. मुळांशी नुसता झुपका आहे, की आडवे पांढरे खोड जमिनीखालून निघाले आहे, की जमिनीवरून सरपटणाऱ्या खोडाला पेरापेराशी मुळे फुटली आहेत, की गाठी लागल्या आहेत, हे आधी पाहावे. नंतर खोड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फिरवावे. ते गोल लागते, चपटे लागते की तीन कडांचे लागते, यावरून बरेच काही कळते. मग शेंड्याचे न उलगडलेले कोवळे पाते पाहावे. काही गवतांत ते सुरळी केलेले असते, काहींत मधोमध घडी घातलेले. सुरळीचे पाते असलेला कोंब बोटांत गोल लागतो आणि घडीचा चपटा. शेवटी पाते हळूच मागे ओढून ते खोडापासून जिथे सुटते त्या सांध्याच्या आतली बाजू दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावी. तिथे एक पातळ पारदर्शक पडदा किंवा केसांची झालर असते. तिला जिव्हिका म्हणतात, आणि तिच्या आकारात कापणीने किंवा खताने फरक पडत नाही, त्यामुळे रंग आणि उंची फसवतात तेव्हा तिच्यावर विसंबता येते.

नेहमी आढळणारी तणगवते

घरगुती हिरवळीत सर्वांत जास्त त्रास देणारे हंगामी गवत म्हणजे क्रॅबग्रास, अर्थात डिजिटेरिया. त्याचा रंग पिवळसर हिरवा असतो, पाते मूळ गवतापेक्षा रुंद असते आणि झाड मध्यापासून चारी बाजूंना जमिनीलगत पसरते. पसरलेल्या फांद्यांच्या पेरांना मुळे फुटतात, म्हणून ओढताना मधला झुपका हातात येतो आणि कडेच्या फांद्या मागे राहतात. कोवळे पाते सुरळीचे असते आणि मोठ्या क्रॅबग्रासच्या पात्यावर व देठावर स्पष्ट केस असतात. गुळगुळीत जातीत ते जवळजवळ नसतातच. तुऱ्याला बोटांसारख्या काही बारीक शाखा येतात. मोकळ्या जागेत, स्पर्धेशिवाय वाढलेले एकच झाड दीड लाखापर्यंत बी देऊ शकते. पहिल्या कडक दहिवराने हे झाड मरते, पण तोवर पुढच्या वर्षाची बेगमी मातीत पडलेली असते.

गूजग्रास, म्हणजे एल्युसिने इंडिका, पहिल्या नजरेत क्रॅबग्राससारखेच दिसते आणि पुष्कळ जण त्याला तेच समजून औषध आणतात. फरक बुंध्याशी आहे. गूजग्रासचा बुंधा चपटा आणि पांढुरका, चंदेरी झाक असलेला असतो, कोवळे पाते घडीचे असते आणि फांद्यांच्या पेरांना सहसा मुळे फुटत नाहीत. तुऱ्याच्या शाखा जाड असून त्यांवर बी दोन घट्ट रांगांत, बंद केलेल्या चेनसारखे बसलेले असते. हे गवत पायवाटेच्या कडेला, फाटकाजवळ, मुले खेळतात तिथे, म्हणजे माती दबून घट्ट झालेल्या जागी आधी दिसते. ओळख चुकण्याची किंमत इथे रोख मोजावी लागते: क्विनक्लोरॅक हे तणनाशक क्रॅबग्रासवर चांगले चालते, गूजग्रासवर चालत नाही.

वार्षिक पोआ, म्हणजे पोआ ॲन्युआ, याचे चक्र वरच्या दोघांच्या उलट चालते. उन्हाळा ओसरून माती थंड होऊ लागली की ते उगवते, थंडीत वाढते, वसंतात बी धरते आणि उष्मा वाढला की पिवळे पडून मरते. त्याच्या फिकट हिरव्या, मऊ पात्याचे टोक वर वळून मिटलेले असते. बोटाने दाबून सपाट केले तर ते दोन भागांत चिरते. कितीही खाली कापले तरी हे गवत बी धरते, अगदी काही मिलिमीटरवर कापल्या जाणाऱ्या गोल्फच्या मैदानावरही. म्हणून नुसत्या कापणीने त्याचे बी थांबेल ही अपेक्षा ठेवू नये.

लव्हाळा किंवा नागरमोथा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत नाहीच. ते मोथावर्गातले आहे आणि म्हणूनच गवतावरची बहुतेक औषधे त्याच्यावर वाया जातात. खोड बोटांत फिरवले की तीन कडा स्पष्ट लागतात आणि पाने तीन दिशांना निघालेली दिसतात. पाते चकचकीत असते. हिरवळ कापून दोन-तीन दिवस झाले की लव्हाळ्याचे पाते बाकीच्या गवताच्या वर डोके काढून उभे असते. जमिनीखाली बारीक, आधी पांढरे आणि नंतर काळपट व तारेसारखे चिवट होणारे खोड गाठींना जोडलेले असते. जांभळ्या लव्हाळ्यात या गाठी एकापुढे एक अशा माळेत येतात, तर पिवळ्या लव्हाळ्यात प्रत्येक खोडाच्या टोकाशी एकच गाठ असते. रोप ओढले की तार तुटते, गाठ जागेवर राहते आणि तिच्यावरचा पुढचा डोळा फुटतो.

हरळीचे प्रकरण जरा वेगळे आहे. तणशास्त्रज्ञ लेरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची जी क्रमवारी मांडली, तिच्यात जांभळा लव्हाळा पहिला होता आणि हरळी दुसरी. हीच हरळी असंख्य मैदानांचे आणि अंगणांचे मुख्य गवत आहे. तेव्हा ती तण आहे की नाही हे आपण काय लावले आहे यावर ठरते. झॉयशिया किंवा फेस्क्यूच्या हिरवळीत शिरलेली हरळी हे सर्वांत चिवट तण, यात शंका नाही. तिची जिव्हिका म्हणजे केसांची झालर असते, खोडे जमिनीवरूनही धावतात आणि जमिनीखालूनही, आणि एक पेर शिल्लक राहिलेला तुकडाही नवे झाड होतो.

याशिवाय डॅलिसग्रास आणि रानटी जाड फेस्क्यू यांसारखी बहुवर्षायू झुपकेदार गवते असतात. ती पसरत नाहीत, एका जागी खडबडीत गठ्ठा करून बसतात. असे दोन-चारच गठ्ठे असतील तर औषधाचा विचारही करू नये. फावड्याने खोलवर कापून उचलावेत.

तण येते कोठून

तणगवताचे बी मातीत असतेच. ते उगवते ते तिथे ऊन आणि मोकळी जागा मिळते म्हणून. हिरवळ दाट असेल तर जमिनीवर सावली राहते, वरचा थर लवकर तापत नाही आणि क्रॅबग्राससारख्या उजेड मागणाऱ्या बियांची उगवण मंदावते. या कारणासाठी कापणीची उंची हे तणनियंत्रणाचे पहिले आणि फुकटचे साधन आहे. उंच फेस्क्यू आणि सेंट ऑगस्टीन ७.५ ते १० सेंटिमीटरवर, केंटकी ब्ल्यूग्रास ६ ते ९ सेंटिमीटरवर, तर झॉयशिया आणि हरळी २.५ ते ५ सेंटिमीटरवर ठेवावी. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. सुट्टीनंतर वाढलेले गवत एकदम खरवडून काढले की महिनाभरात त्याच पट्ट्यात तण दिसते, ते याच कारणाने.

पाणी थोडे थोडे रोज देण्याची सवय तणाच्या पथ्यावर पडते, कारण वरचा थर सतत ओला राहिला की बी उगवते आणि हिरवळीची मुळे उथळ राहतात. वाढीच्या काळात पावसासकट आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी एक-दोन खेपांत, खोलवर मुरेल असे द्यावे. हे मोजण्यासाठी सरळ कडांचे चार-पाच रिकामे डबे हिरवळीवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून फवारा अर्धा तास चालवावा आणि पट्टीने पाण्याची उंची पाहावी. डब्याडब्यांत दुप्पट-तिप्पट फरक निघाला तर तणाचा नकाशाही बहुधा त्याच फरकाशी जुळतो. लव्हाळा दाट आहे तिथे पाणी साचते का, नळ किंवा जोड गळतो का, हे आधी पाहावे. ओलावा तसाच ठेवून लव्हाळ्याशी लढणे म्हणजे कष्टांचा अपव्यय आहे.

दबलेली माती पोकळ नळीच्या यंत्राने किंवा लहान जागेत मजबूत काट्याने सैल करावी. हे काम मूळ गवत जोमाने वाढत असतानाच करावे, म्हणजे छिद्रे लवकर भरून येतात. बाहेरून आणलेली माती आणि अर्धवट कुजलेले शेणखत हे तणाच्या बियांचे मोठे वाहन आहे. पसरण्यापूर्वी त्याचा थोडा भाग एका कुंडीत ओला करून दोन आठवडे ठेवला, तर त्यातून काय उगवते ते आधीच कळते.

हाताने काढणे

लहान हिरवळीत हंगामी गवतांसाठी हातखुरपणीइतका खात्रीचा उपाय नाही, मात्र ती बी धरण्याआधी व्हायला हवी. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी माती मऊ असताना अरुंद खुरपे झाडाच्या मध्याजवळ तिरके घालावे, मधला गड्डा उचलावा आणि मग पसरलेल्या फांद्या एकेक करून शेवटच्या मुळापर्यंत सोडवाव्यात. तुरा आला असेल तर आधी तो चिमटीत धरून पिशवीत कापून घ्यावा. असे गवत घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नये. ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर दिवसेंदिवस तापत नसेल तर बी जिवंत राहते, आणि घरगुती ढिगांपैकी फार थोडे एवढे तापतात. तण बी धरत असताना कापणीयंत्राची पिशवी लावूनच कापणी करावी आणि यंत्र दुसऱ्या भागात नेण्याआधी झाडून घ्यावे.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि निम्मे काम इथूनच पुढे असते. उपटलेल्या जागी तळहाताएवढी उघडी माती राहते आणि शेजारच्या तणाचे बी तिचीच वाट पाहत असते. त्याच दिवशी ती जागा बारीक माती घालून सपाट करावी आणि मूळ गवताचे बी टाकावे किंवा हिरवळीच्या कडेचा लहान तुकडा आणून बसवावा. थंड हवेच्या गवताचे बी उन्हाळ्याच्या तोंडावर टाकले तर ते उष्म्याने मरते. तेव्हा तुकडाच बसवावा आणि पेरणी शरदाच्या सुरुवातीवर ठेवावी.

उगवणीपूर्वीचे तणनाशक

दरवर्षी त्याच जागी क्रॅबग्रास दाट येत असेल तर उगवणपूर्व तणनाशक उपयोगी ठरते. पेंडिमेथालिन, प्रोडायामिन, डायथायोपिर ही या गटातली परिचित नावे. ती बी मारत नाहीत. मातीच्या वरच्या थरात एक पातळ पट्टा तयार करतात आणि अंकुराचे मूळ त्या पट्ट्यात आले की तिथल्या पेशींचे विभाजन थांबवतात. याचा अर्थ असा की उगवून वर आलेल्या गवतावर त्यांचा बहुधा उपयोग नाही. त्यातल्या त्यात डायथायोपिर अगदी कोवळ्या क्रॅबग्रासला थोडेफार आवरते. पट्टा तयार झाल्यावर जमीन उकरली तर तो फाटतो, म्हणून माती सैल करण्याचे काम औषधाच्या आधी उरकावे. पट्ट्याला तणाचे बी आणि लॉनचे बी यांत भेद करता येत नाही, त्यामुळे औषधानंतर लेबलवर दिलेल्या काळापर्यंत, जो पुष्कळदा काही महिन्यांचा असतो, तिथे पेरणी करता येत नाही. पेरणी आणि उगवणपूर्व औषध यांपैकी त्या हंगामात एकच निवडावे लागते. हिरवळ विरळ असेल तर मी पेरणी निवडेन, कारण विरळपणा हा मूळ आजार आहे.

वेळ कॅलेंडरवरून ठरवू नये. जमिनीत ५ सेंटिमीटर खोलीवर साधा थर्मामीटर रोज सकाळी एकाच वेळी घालावा. तापमान सलग चार-पाच दिवस १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहू लागले की क्रॅबग्रासची उगवण तोंडावर आली असे समजावे. औषध त्याआधी एक-दोन आठवडे पडलेले असावे, म्हणून १० अंशांवर तयारी सुरू करावी. गूजग्रास याहून गरम माती मागते आणि काही आठवडे मागून येते. त्यामुळे एकदाच दिलेल्या औषधाचा जोर ओसरल्यावर ते उगवते आणि औषध खोटे निघाले असा समज होतो. लेबलवर परवानगी असेल तर मात्रा दोन भागांत, सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने द्यावी. वार्षिक पोआसाठी हेच औषध उन्हाळ्याच्या शेवटी, माती २१ अंशांच्या खाली उतरू लागण्याआधी द्यावे लागते. जिथे माती वर्षभर उबदार असते तिथे उगवण तापमानापेक्षा पहिल्या चांगल्या ओलाव्याने ठरते, आणि पाऊस सुरू होण्याच्या आधीचे दिवस महत्त्वाचे ठरतात.

औषध टाकल्यावर दोन-तीन दिवसांत १० ते १२ मिलिमीटर पाणी देऊन ते मातीत उतरवावे. दाणेदार औषध पात्यांवरच राहिले तर ते काम करत नाही.

रसायन नको असेल तर मक्यापासून मिळणाऱ्या कॉर्न ग्लुटेन मीलचा पर्याय सुचवला जातो. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या निक ख्रिश्चन्स यांनी त्याच्या तणरोधक गुणाचा शोध लावला आणि १९९१ साली त्यावर पेटंट मिळाले. त्यात वजनाच्या सुमारे १० टक्के नत्र असते, त्यामुळे हिरवळ दाट होण्यास मदत होते. तणरोधक म्हणून मात्र त्याचे परिणाम ठिकाणागणिक बदलतात आणि मात्राही भरपूर लागते. खत म्हणून वापरून तणाचा फायदा झाला तर वरकमाई समजावी.

उगवल्यानंतरची फवारणी

तण वर आले, हाताने आवरण्यापलीकडे गेले, तर निवडक तणनाशकाकडे वळावे. क्रॅबग्राससाठी क्विनक्लोरॅक, फेनॉक्साप्रॉप आणि मेसोट्रायोन हे घटक वापरात आहेत, पण प्रत्येकाची लॉनच्या गवतांशी वेगळी जमवाजमव आहे. क्विनक्लोरॅक सेंट ऑगस्टीनला इजा करते, फेनॉक्साप्रॉप हरळीच्या हिरवळीला. बाटलीच्या पुढच्या भागावर तणाचे चित्र असते आणि मागच्या बारीक अक्षरांत कोणत्या गवतावर मारू नये याची यादी असते. खरेदीपूर्वी मागची बाजू वाचावी. ते औषध आपल्या देशात घरगुती हिरवळीसाठी मंजूर आहे की नाही, हेही तिथेच कळते. फेनॉक्साप्रॉप आणि टू-फोर-डी एकत्र मिसळून एकाच खेपेत दोन्ही तणे मारण्याचा मोह टाळावा, कारण टू-फोर-डीमुळे फेनॉक्साप्रॉपचा गवतावरचा परिणाम कमी होतो.

झाड जितके कोवळे तितकी मात्रा कमी लागते आणि परिणाम चांगला होतो. दोन-तीन पानांवर असलेले रोप एका फवाऱ्यात जाते. तुरा आलेले झाड अर्धमेले होऊन बी मात्र पिकवते. त्या अवस्थेत औषध वाया घालवण्यापेक्षा तुरे कापून पिशवीत भरावेत आणि पुढच्या हंगामाची तयारी करावी.

मात्रा मोजण्यात सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून ही पद्धत सविस्तर सांगतो. हिरवळीवर ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असा चौकोन आखावा. तो २० चौरस मीटरचा होतो. पंपात मोजून साधे पाणी घ्यावे, नेहमीच्या चालीने आणि नेहमीच्या दाबाने तो चौकोन एकसारखा फवारावा आणि उरलेले पाणी मोजावे. समजा १ लिटर पाणी खर्च झाले. म्हणजे त्या हाताला आणि त्या नोझलला १०० चौरस मीटरसाठी ५ लिटर पाणी लागते. लेबलवर १०० चौरस मीटरसाठी जी मात्रा दिली असेल ती ५ लिटर पाण्यात मिसळायची. चाल किंवा नोझल बदलले की ही मोजणी पुन्हा करावी. अंदाजाने एक झाकण जास्त घातल्याने तण लवकर मरत नाही. पात्याचा वरचा भाग झटपट जळतो, औषध खाली मुळापर्यंत जात नाही आणि लॉनचे गवत पिवळे पडते.

फवारणी वारा शांत असताना सकाळी, दव सुकल्यावर करावी. तापमान ३० अंशांच्या वर असेल किंवा हिरवळ पाण्याअभावी कोमेजली असेल तर थांबावे. फवारणीच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर कापणी करू नये, म्हणजे औषध पोचायला पाते पुरेसे असते आणि ते आत मुरायला वेळ मिळतो. हातमोजे, लांब बाह्या, बंद बूट आणि चष्मा वापरावा. फवारा पूर्ण सुकेपर्यंत मुलांना आणि पाळीव प्राण्यांना तिथे जाऊ देऊ नये. फवारलेल्या हिरवळीची कापलेली पाने भाजीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून घालू नयेत. टू-फोर-डीचा पंप आणि बाकीच्या कामाचा पंप शक्यतो वेगळे ठेवावेत, कारण कितीही धुतले तरी नळीत अंश उरतो आणि टोमॅटोसारखी झाडे अगदी थोड्या अंशानेही वाकडीतिकडी होतात.

व्हिनेगर आणि मीठ यांच्या घरगुती नुस्ख्यांबद्दल दोन शब्द. व्हिनेगर पाते जाळते, मूळ शाबूत राहते, आणि लॉनचे पातेही तितकेच जळते. तीव्र ॲसिटिक ॲसिड तर डोळ्यांना आणि कातडीला गंभीर इजा करते. मीठ मातीत राहून जाते आणि त्या जागी मग काहीच नीट येत नाही.

लव्हाळ्याशी दोन हात

लव्हाळ्याच्या गाठी बहुतांश वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात, काही त्याहूनही खोल जातात. दोन-चार रोपेच दिसली असतील तर प्रत्येकाभोवती वीतभर त्रिज्येचा आणि २५ ते ३० सेंटिमीटर खोल गोळा काढून माती चाळून गाठी वेचाव्यात. प्रादुर्भाव पसरलेला असेल तर धीराचा मार्ग धरावा. नव्या रोपाला पाच-सहा पाने फुटण्यापूर्वी ते काढत राहावे, कारण तोवर रोप गाठीतल्या साठ्यावर जगते आणि त्यानंतर नव्या गाठी भरू लागते. दर दोन-तीन आठवड्यांनी नेमाने काढल्यास गाठ थकत जाते. एक खेप चुकली तर साठा पुन्हा भरतो, आणि या उपायात बहुतेकांचा पराभव तिथेच होतो. सावलीत लव्हाळा दुबळा पडतो, म्हणून तिथली हिरवळ तिच्या जातीला चालणाऱ्या वरच्या उंचीवर ठेवावी.

औषधांत हॅलोसल्फ्युरॉन आणि सल्फेंट्राझोन हे मोथावर्गावर चालणारे घटक आहेत. हॅलोसल्फ्युरॉन सावकाश काम करते. पाने पिवळी पडायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा आठवड्याभरात काही दिसले नाही म्हणून पुन्हा फवारू नये. त्याच हंगामात उरलेल्या गाठी फुटतात आणि लेबलवरील अंतर ठेवून दुसरी खेप लागते. फवारणीच्या अलीकडे-पलीकडे लव्हाळा उपटण्याचा मोह आवरावा, नाहीतर औषध गाठीपर्यंत उतरण्याचा रस्ताच तुटतो.

हरळी, आणि नव्याने सुरुवात

दुसऱ्या गवतात शिरलेल्या हरळीला निवडून मारणे घरगुती पातळीवर क्वचितच पूर्ण यशस्वी होते. खोदून काढताना तुकडे राहतात आणि यंत्राने नांगरले तर एका झाडाची शंभर होतात. लहान पट्टा असेल तर कडेने खोल चर काढून तो आधी वेगळा करावा, मग ग्लायफोसेटसारखे सर्व वनस्पती मारणारे औषध फक्त त्या पट्ट्यावर, गत्त्याचा किंवा पत्र्याचा आडोसा धरून मारावे. हे औषध हिरव्या पात्यातून शिरून खाली जाते, म्हणून हरळी पाणी मिळून जोमात वाढत असतानाच ते द्यावे. वाळलेल्या गवतावर ते निरुपयोगी ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेटचे वर्गीकरण माणसात बहुधा कर्करोगकारक असे केले, तर अनेक देशांच्या नियामक संस्थांनी लेबलप्रमाणे वापरल्यास तसा धोका संभवत नाही असे मत दिले. हा वाद ज्याने त्याने विचारात घ्यावा, आणि वापरायचेच ठरले तर जागेपुरतेच वापरावे.

रसायन टाळायचे असल्यास पट्टा ओला करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे, कडा मातीत गाडाव्यात आणि वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाचे चार ते सहा आठवडे ते तसेच ठेवावे. बहुतेक हंगामी बिया आणि उथळ हरळी यात भाजून जातात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र पुरेशा मरत नाहीत. त्याचे कोंब पातळ प्लास्टिक भेदून वर येतात. जांभळ्या लव्हाळ्यासाठी रिकाम्या, कोरड्या जमिनीत गाठी उकरून वर आणणे आणि कडक उन्हात वाळवणे हा जुना उपाय जास्त उपयोगी आहे. पिवळ्या लव्हाळ्याच्या गाठी एवढ्याने दमत नाहीत.

निम्म्याहून अधिक हिरवळ तणाने व्यापली असेल तर ठिगळे लावत बसू नये, ती मुळापासून नवी करावी. पहिल्या फवारणीनंतर किंवा प्लास्टिक काढल्यानंतर लगेच बी पेरू नये. जमिनीला दोन-तीन आठवडे पाणी देत राहावे. जे उरले आहे ते या काळात डोके काढते, आणि ते पुन्हा मारल्यावरच पेरणी करावी. पेरणीपूर्वी माती खोल उलटू नये, वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थरच दाताळ्याने हलवावा, कारण खोल उलटले की झोपलेल्या बियांची नवी फळी वर येते. तणमुक्त असल्याचा दाखला असलेले बियाणे घ्यावे, पहिली कापणी रोपे ठरलेल्या उंचीच्या दीडपट झाल्यावर धारदार पात्याने करावी, आणि तीन-चार कापण्या होऊन मुळे घट्ट झाल्याशिवाय कोणतेही तणनाशक वापरू नये. तोपर्यंत जे तण दिसेल ते ओल्या मातीतून हातानेच काढावे.